नव्या पात्याला जुना नंबर

काजलचा राग नाकावर बसलेला असतो, असं तिच्या कंपनीत सगळेच म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्याला कारण होतं वीतभर लांबीचं एक लोखंडी पातं.

देवळीच्या एमआयडीसीत थ्रेशर बनवणारी ही कंपनी. सोयाबीन, तूर, हरभरा, काय म्हणाल ते मळून देणारं मशीन. त्याच्या पोटात एक ड्रम फिरतो. ड्रमवर ही पाती समोरासमोर जोडीनं बसवलेली असतात. गंजीतला घास आत गेला की पाती त्याला झोडपतात आणि दाणा मोकळा होतो. काजलचं काम म्हणजे मशीनच्या प्रत्येक पार्टला नंबर द्यायचा. लोकांना वाटतं, नंबर द्यायला काय अक्कल लागते, एकानंतर दोन. तिच्या मावशीनं तर लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांना सांगितलं होतं, पोरगी कंपनीत आकडे टाकते म्हणून. काजलनं तिथंच, पाहुण्यांच्या देखत, मावशीला आपलं काम समजावून सांगायला घेतलं. ती बैठक काही पुढे सरकली नाही.

तर पहिले आकडे मशीनचं घराणं सांगतात, मधले आकडे मशीनचा कोणता भाग ते सांगतात, शेवटचे नुसते ओळीनं येतात. एवढं कोणीही शिकेल. पण नंबर म्हणजे मुळात कंपनीनं दिलेला शब्द असतो. कुठल्याही गावच्या माणसानं दुकानात जाऊन तो नंबर सांगावा, हातात जे पडेल ते जुन्याच्या जागी डोळे मिटून बसवावं, आणि त्याचं वाईट होऊ नये. म्हणून नियम साधा. नवा पार्ट जुन्याच्या जागी चालतो, जुना नव्याच्या जागी चालतो आणि दोघं एकमेकांच्या संगतीनंही चालतात, तर नंबर तोच. यातलं एक जरी अडलं तरी नंबर नवा.

आता हे पातं पाहा. जुनं होतं जाड पट्टीचं. नवं आलं पातळ पट्टीचं, वजनाला चांगलंच हलकं. भोक तेच, लांबी तीच, रंगही तोच. सगळीच्या सगळी पाती नवी बसवली तर मशीन झकास चालायचं, कंपनीच्या चाचणीत चाललंही. पण आपल्याकडे सगळी पाती बदलतो कोण? गंजीत गोटा आला, पातं तुटलं, तर तेवढं एक आणायचं, ही आपली रीत. शर्टाची एक गुंडी तुटली म्हणून कोणी सगळ्या बदलत नाही. मग ड्रमच्या एका अंगाला जड पातं आणि समोरच्या अंगाला हलकं. ड्रम गरगर फिरायला लागला की थरथर सुटते, बेअरिंग झिजतं, बोल्ट सैल पडतात आणि एखाद्या दिवशी पातं सुटून बाहेर येतं. बाहेर, बरोब्बर समोर, घास टाकणारा माणूस उभा असतो.

काजलसाठी तो माणूस परका नव्हता. तिचा मोठा भाऊ अंकुश गावातल्या किसनरावांच्या थ्रेशरवर घास टाकायचा. किसनराव म्हणजे हेमराजचे वडील. आणि हेमराज म्हणजे कंपनीतला काजलचा साहेब. सगळे एकाच गावचे. गावात ती त्याला हेमराजभाऊ म्हणायची, कंपनीच्या फाटकातून आत आलं की सर.

"सर, याले नवा नंबर द्या लागते," तिनं नवं पातं त्याच्या टेबलावर ठेवून सांगितलं.

"काऊन? जागेवर बसते ना थे?"

"बसते. पण जुन्यासंगं चालत नाई."

"चाचणीत चाललं."

"चाचणीत सगळे नवे बसवले व्हते. गावात कोन सगळे बसवते, तुमीच सांगा."

हेमराजनं पातं हातात घेतलंच नाही. कागदावरचा पेपरवेट असल्यासारखं ते बोटानं बाजूला सारलं. "नवा नंबर टाकला का दुकानदार जुना माल वापस पाठवते. पुस्तक नवं छापा, मशीनची तपासणी पुन्हा करा. सोंगणी तोंडावर आली, काजल. मालकायले काय सांगू मी?"

"सांगा का पातं सुटलं तं माणूस जाते."

"तू लय दूरचा इचार करून राह्यली."

"दूरचा कायले? तुमच्याच घरच्या मशीनवर माहा भाऊ उभा राह्यते."

हेमराज खिडकीबाहेर बघायला लागला. काजलला खरी चीड आली ती इथं. बाहेरून आलेला कोणी साहेब असता तर ती म्हणाली असती, याला काय माहीत, यानं गंजी कधी पाहिली असेल. पण हा माणूस शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत बापाच्या मशीनवर घास टाकायचा. एक पातं बदलायची रीत त्याच्या घरची. त्याला सगळं कळत होतं आणि तो कळत नसल्याचं सोंग करत होता. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कोणाजवळ मागायची, आँ?

"नंबर तोच राह्यल," तो शेवटी म्हणाला. "तू नाई टाकत तं मी टाकतो."

आणि टाकला. कंपनीच्या संगणकात स्वतःच्या नावानं जाऊन त्यानं नवं पातं जुन्या नंबरावर चढवलं. त्याच दिवशी पात्यांच्या पेट्या देवळीच्या हिरालालच्या दुकानाकडे निघाल्या. काजलनं नागपूरला मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, हेमराजला विचारा. उंटावरून शेळ्या हाकणारे ते, त्यांच्याकडून दुसरं काय ऐकायला मिळणार होतं?

घरी आईला सांगितलं तर मंदाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "माय, नोकरी हाय थे. तोंड सांभाळून राह्य. हेमराजनं लावून देल्ली म्हून लागली तू."

"म्हून काय त्यानं अंकुशदादाचा जीव घ्यावा?"

"असं अभद्र बोलू नको वो."

"मी बोलली तं अभद्र. त्यानं केलं तं धंदा."

मंदाबाईनं भाकर तव्यावर टाकली. अंकुश घरी नव्हता. किसनरावांचं मशीन हंगामासाठी तयार करायला तो त्यांच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत रोज जात होता, जेवायलासुद्धा उशिरा यायचा. काजलनं त्याला बजावून ठेवलं होतं, पातं तुटलं तर मला विचारल्याशिवाय नवं आणू नको. तो हो म्हणाला होता. तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

रविवारी सकाळी ती अंकुशचा डबा घेऊन तिकडे गेली आणि लांबूनच तिला मशीनचा आवाज ऐकू आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज होता तो, पण आज त्यात खडखड होती. ट्रॅक्टर लावून मशीन रिकामंच चालवून बघत होते. किसनराव बाजेवर बसले होते. हेमराजही सुट्टी म्हणून गावी आलेला, पांढऱ्या शर्टात बापाच्या बाजूला उभा होता. आणि अंकुश मशीनच्या चाकाखाली विटेचा तुकडा ठोकत होता.

"काय करून राह्यला दादा?" काजलनं ओरडून विचारलं.

"मशीन हालून राह्यली थोडी. जमीन सपाट नाई इथली. वीट लावली का बसते बरोबर."

"पातं बदललं तू?"

अंकुश घाम पुसत हसला. "काल तुटलं एक, टेस्टिंग करतानी. हिरालालकडून आणलं. नंबर सांगतला, त्यानं देल्लं. तोच नंबर व्हता, मंग तुले कायले तरास द्याचा?"

काजलनं हातातला डबा तिथंच जमिनीवर ठेवला आणि सरळ ट्रॅक्टरजवळ जाऊन चावी फिरवली. मशीन घरघरत थांबलं. अंकुश बघतच राहिला. किसनराव बाजेवरून उठले. सत्तरीचा माणूस, पण आवाज अजून वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा.

"काय झालं बाई? मशीन काऊन बंद केली?"

"काकाजी, याच्यात एक पातं हलकं हाय. बाकी जड. तुमच्या पोराले विचारा."

आता सगळ्यांच्या नजरा हेमराजकडे. हेमराजनं शर्टाची बाही सारखी केली. "बाबा, तिले सवय हाय भांडाची. पातं तेच हाय. नंबरसुद्धा तोच हाय, पाहून घ्या."

किसनरावांनी ड्रमचं झाकण उघडायला लावलं. हात घालून जुनं पातं चाचपलं, मग नवं चाचपलं. बोटांनी दोन्हींची जाडी पाहिली. ते परत बाजेवर जाऊन बसले आणि पोराला म्हणाले, "सारखंच हाय म्हणतं तू?"

"हो."

"मंग अंकुशले बाजूले कर. तू उभा राह्य समोर. मी ट्रॅक्टर चालू करतो, तू घास टाक."

"बाबा, काहीतरीच बोलता तुमी."

"काहीतरी काय त्याच्यात? लहानपणी टाकला नाई काय? टाक. सारखंच हाय ना?"

पांढऱ्या शर्टातला हेमराज मशीनच्या तोंडाकडे बघत होता, आणि पाय काही तिकडे उचलत नव्हते. काजल मनात म्हणत होती, जा ना, जा की. दुसऱ्याच्या हातानं साप मारायला बरं वाटतं, आता स्वतःचा हात घाल. पण तो गेला नाही. त्यानं अंकुशच्या हातातला पाना घेतला, खाली वाकला आणि स्वतःच्या हातानं ते नवं पातं खोलून काढलं. शर्टाला काळं लागलं. वाड्याच्या गोदामात अडगळीत एक जुनं पातं पडलेलं होतं, ते शोधून आणलं आणि बसवलं. मशीन चालू केलं तर खडखड गेली. अंकुशनं चाकाखालची वीट पायानं उडवून लावली.

काजलचा राग त्या वेळी जरा उतरला होता, हे खोटं कशाला सांगायचं? तिला वाटलं, बापानं कान उपटले, आता याला उमज पडेल. उद्या नवा नंबर निघेल, दुकानातली पाती परत येतील. निघताना ती म्हणालीसुद्धा, "भाऊ, मी उद्या नवा नंबर तयार ठेवतो."

हेमराज हात धूत होता. मान वर न करता म्हणाला, "हे घरचं मशीन हाय, अंकुश आपला माणूस हाय, म्हून काढून देल्लं. कंपनीचं कंपनीत पाहू."

आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. ही म्हण तिनं हजार वेळा ऐकली होती, पण अशी डोळ्यासमोर उभी राहिलेली पहिल्यांदाच पाहिली. आणि आपल्या भावाचा जीव वाचला म्हणून आपणही घडीभर खूश झालो होतो, हे तिला त्याहून जास्त झोंबलं. गावागावात ड्रमसमोर उभे राहणारे काय कोणाचे भाऊ नव्हते?

सोमवारी ती कंपनीत पोचली तेव्हा आर्वी आणि पुलगावकडच्या दुकानांसाठी पात्यांच्या पेट्या गाडीत चढत होत्या. पेट्यांवर तोच जुना नंबर, हेमराजची मंजुरी. हातानं पातं खोलल्याला चोवीस तास झाले नव्हते. नखातलं काळंसुद्धा निघालं नसेल याच्या, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला कोणीच थांबवू शकलं नसतं.

नवा नंबर मंजूर करायचा अधिकार तिला नव्हता. पण एक अधिकार होता. एखाद्या पार्टविषयी शंका असेल तर नंबर देणाऱ्यानं तो थांबवायचा. थांबवला की कंपनीतून त्याचं बिल निघत नाही, दुकानातूनही निघत नाही. थांबवताना कारण लिहावं लागतं, आणि ते कारण दुकानदारानं बिल काढायला घेतलं की त्याच्या पडद्यावर दिसतं. बाकीचे लोक त्या जागी 'तपासणी बाकी' असं काहीतरी गुळमुळीत लिहीत. काजलनं खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं:

'हे पातं जुन्या पात्यासोबत बसवू नये. मशीन थरथरते, पातं सुटू शकते. कंपनीचे हेमराज साहेब यांनी काल स्वतःच्या घरच्या मशीनमधून हे पातं स्वतःच्या हाताने काढले आहे.'

तिनं ते एकदा वाचलं. आई म्हणाली होती तोंड सांभाळ. तोंड सांभाळलंच होतं की. बटण दाबलं.

गाडी फाटकावरच अडकली. पहारेकरी म्हणाला, बिल निघत नाही. तासाभरात हेमराज तिच्या खोलीत आला. दार त्यानं लावून घेतलं नाही, त्यामुळे पूर्ण स्टोअरनं ऐकलं.

"थे वाक्य काढ आत्ताच्या आत्ता."

"खोटं हाय काय त्यात?"

"घरची गोष्ट बाहेर मांडते तू? लाज नाई वाटत?"

"मले काऊन वाटन? पातं मी काढलं नाई."

"तुही नोकरी राह्यत नाई, सांगून ठेवतो."

"घ्या नोकरी. पण याले नवा नंबर द्या."

त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला. किसनरावांचा. हेमराजनं उचलला. म्हातारी माणसं फोनवर बोलतात ती समोरच्या गावाला हाक मारल्यासारखी, तेव्हा काजललाच काय, दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही सगळं ऐकू आलं.

"हिरालालचा फोन आलता. म्हणे, तुमच्या पोरानं खरंच पातं काढलं काय? मी म्हटलं, हो, माह्या डोळ्यासमोर काढलं. मंग तो विचारते का त्यानं आठवडाभरात जेवढ्यायले विकले, त्यायच्या मशीनमधून कोन काढून देते? मी काय सांगू त्याले? हेमराज, ऐकून राह्यला ना तू? काय सांगू मी त्याले?"

हेमराज फोन कानाला लावून उभा राहिला. बाहेरचा एकही माणूस आपल्या कामाला परत गेला नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मी पाहतो बाबा," आणि फोन ठेवला.

काजलनं पडदा त्याच्याकडे फिरवला. नवा नंबर तिनं सकाळीच तयार करून ठेवला होता. खाली ठळक लिहिलं होतं, पूर्ण जोडी बदलल्याशिवाय बसवू नये. "मंजुरी तुमची लागते. द्या."

त्यानं उभ्या उभ्याच मंजुरी दिली. त्याला वाटलं असावं की झालं, संपलं. तो दाराकडे वळला.

"बसा इथं," काजल म्हणाली. "हिरालालजवळ ज्यायनं पाते नेले त्यायचे फोन नंबर हाय. मी मागून घेतले. एकेकाले लावा. अन् तुमच्या तोंडानं सांगा का मशीन बंद करा."

"तू लाव ना. तुहं काम हाय थे."

"त्या नंबरावर पातं कोनं चढवलं?"

हेमराजनं हातातली मोटारसायकलची चावी टेबलावर टाकली आणि बसला. पहिला फोन पुलगावच्या रस्त्यावरच्या एका गावी, बापूराव नावाच्या माणसाला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग एका बाईनं उचलला. काजलनं हात लांब करून फोनचा आवाज मोठा केला.

"थे घरी नाई," बाई म्हणाली. "मशीनवर गेले. फोन इथंच राह्यला त्यायचा."

"मशीन चालू झाली काय, बाई?" हेमराजनं विचारलं.

"सकाळपासून चालू हाय. आज लय हालते म्हणत व्हते, म्हून पोट्ट्याले वीट आणाले पाठवलं व्हतं. तुमी कोन बोलता?"

तो कोण, हे हेमराजला सांगता येईना. बाई पलीकडून परत परत विचारत राहिली. काजलनं फोन त्याच्या हातातून घेतला, बाईला म्हणाली, कोणाला तरी वावरात पळवा आणि मशीन थांबवा, आत्ताच्या आत्ता, आणि वावर कोणत्या अंगाला आहे ते विचारून घेतलं. मग टेबलावरची त्याच्या मोटारसायकलची चावी उचलून त्याच्या पुढ्यात टाकली.

"नाल्याच्या पलीकडे, शाळेच्या मागं," ती म्हणाली. "पाना घेऊन जा."

तो गेला. काजलनं पुढचा नंबर लावला.